पोराच्या हाती कोयता की पाना?

दसरा झाला म्हणजे बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. शिरूर, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज, बालाघाटाच्या डोंगरकडेला जेथे जेथे पाणी थोडे आणि पोटे फार, तेथून नवरा-बायकोची जोडपी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी थेट कर्नाटकात. ह्या जोडप्याला मुकादमाच्या वहीत नवरा म्हणत नाहीत, बायको म्हणत नाहीत. दोघांना मिळून एक 'कोयता' म्हणतात. एकटा असेल तर तो अर्धा कोयता. माणसाची मोजणी अवजाराने करण्याची ही रीत ज्याने काढली त्याला निदान खोटे बोलल्याचा दोष देता येणार नाही.

मागे एकदा दिवाळीच्या आधी शिरूर कासार तालुक्यातल्या एका वाडीवर आमचे जाणे झाले. एका घरापुढे बिऱ्हाड बांधून ठेवले होते. घरचा मुलगा नववीत. आम्ही त्याच्या बापाला म्हटले, "अण्णा, पोराला कशाला नेता? पुढच्या सालाला त्याची दहावी."

तो म्हणाला, "दादा, हिची कंबर धरलीय, तिच्यानं मोळी उचलत नाही. पोरगं आलं तर कोयता पुरा होतो. नाही तर उचल फिटायची कशी? आन् दहावी होऊन तरी काय मिळतंय? आमच्या भावकीतलं पोरगं बी.ए. झालं, ते औंदा आमच्याच टोळीत हाय."

आमच्यापाशी ह्याला उत्तर नव्हते. उत्तर नसले म्हणजे शिकलेली माणसे उपदेश करितात. आम्ही तोही केला नाही. चहा घेतला आणि निघून आलो. हा लेख म्हणजे त्या बापाला त्या दिवशी न दिलेले उत्तर आहे असे वाचकांनी समजावे.

त्या बापाचा हिशेब चुकलेला नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. नऊ वर्षे पोर शाळेत गेले. त्या नऊ वर्षांत शाळेने त्याच्या हाताला असे एकही काम शिकविले नाही, की जे बाजारात नेऊन चार पैसे मिळावेत. उलट जे काम त्याला येत होते त्याची शाळेने कधी विचारपूसही केली नाही. ते पोर बैल जुंपते, टायरगाडीचे चाक बदलते, शेळी व्याली तर रात्रभर जागते, मोटरीचा फ्यूज घालते, ठिबकची नळी सांधते. ह्यातल्या एकाही कामाला परीक्षेत अर्धा गुण नाही. अशा घरी येऊन कोणी मोठा मनुष्य म्हणतो की, 'ग्रामीण मुलांना श्रमाची ओळख करून दिली पाहिजे', तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहत राहावेसे वाटते. बाबा रे, श्रमाची आणि आमची ओळख जुनी आहे. ज्यांची नाही त्यांच्या पोरांना ती करून दे. आमच्या मुलांना पाहिजे आहे ते श्रमातून मिळणारे ज्ञान, त्या ज्ञानाचा दाखला आणि त्या दाखल्याचा दाम.

आता सरकारच्या कागदावर काय आहे ते पाहू. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिले आहे की सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना न्यावे आणि सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम शिकू द्यावे. शाळांतल्या व वरच्या वर्गांतल्या निदान निम्म्या विद्यार्थ्यांना २०२५ पर्यंत धंदेशिक्षणाचा अनुभव मिळावा असाही त्यात संकल्प होता. नववीपासून पुढे काही निवडक शाळांत मोटार दुरुस्ती, शेती, दुकानदारी, आरोग्यसेवा, सौंदर्यसेवा असे विषय आहेतही. वाचून आनंद होतो. सुताराला आणि कुंभाराला सरकारने एकदाचे जाणकार म्हटले! पिढ्यान्‌पिढ्या ज्याला अडाणी म्हणून ओट्याखाली बसविले तो आता गुरू झाला.

परंतु ह्या गुरूला दक्षिणा कोण देणार? ज्या दिवशी चाळीस मुले सुताराच्या मेटावर जाऊन उभी राहतील त्या दिवशी त्याचे काम बुडेल, फळ्या वाया जातील, एखाद्याच्या बोटाला पटाशी लागेल ती निराळीच. गणिताच्या मास्तराला पगार आहे. मग वाकस शिकविणाऱ्याने फुकट का शिकवावे? तो खालच्या जातीचा आहे म्हणून की त्याच्यापाशी पदवी नाही म्हणून? शाळेत जो विषय शिकविण्याचा मेहनताना नाही तो विषय शाळेला मनापासून मान्य नाही असे खुशाल समजावे. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी ह्यांना तासाप्रमाणे ठरलेला मोबदला शाळेतून मिळाला पाहिजे. धंदेशिक्षणाचे जे मास्तर आज नेमतात तेही बहुतेक ठिकाणी कंपन्यांच्या मार्फत, कंत्राटावर. ज्याची स्वतःची भाकर पुढच्या जूनपर्यंत टिकेल की नाही ठाऊक नाही, त्याने मुलांना भाकरीची विद्या शिकवावयाची!

आणि असले संकल्प काही पहिल्यांदाच होत नाहीत. सन १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण ही योजना मांडली. स्वराज्य आल्यावर कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. त्यानंतर 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे लांबलचक नाव निघाले. नावे वाढत गेली आणि काम आटत गेले. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी हायस्कूल पाहिले आहे त्यांनी आठवून सांगावे की कार्यानुभवाच्या तासाला त्यांनी काय केले. कागदाची फुले, आगकाड्यांचे घर, नाही तर मास्तरांच्या टेबलावरची धूळ. आम्ही ज्या हायस्कुलात होतो तेथे तर कार्यानुभव म्हणजे हेडमास्तरांच्या बंगल्यातल्या झाडांना पाणी घालणे. आम्ही तीन वर्षे घातले. झाडे चांगली वाढली.

ह्याच्याहून खोल एक भीती आहे, आणि ती बहुजनांच्या घरांनी विसरू नये. सन १९५३ साली मद्रास इलाख्यात राजगोपालाचारी ह्यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरी आईबापांचा धंदा शिकावा असे ठरविले. वरून ऐकले तर किती गोड! परंतु न्हाव्याच्या पोराने वस्तरा, परिटाच्या पोराने भट्टी आणि ज्याच्या बापाचा धंदाच पोथी वाचण्याचा त्याच्या पोराने पोथी, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. पेरियार रामस्वामी आणि त्यांच्या अनुयायांनी त्या योजनेविरुद्ध रान उठविले, राजगोपालाचारी १९५४ साली पायउतार झाले आणि कामराज ह्यांनी ती योजना मोडीत काढली. आजही कोणी 'मुलांना त्यांच्या परंपरागत कौशल्याचे शिक्षण देऊ' असे म्हटले तर कान टवकारले पाहिजेत. चांभाराच्या पोराला आरी दाखविण्यासाठी शाळेची गरज नाही. शाळेने ती आरी पाटलाच्या पोराच्या हाती द्यावी, आणि चांभाराच्या पोरीला विजेच्या मोटरीचे गुंडाळे भरावयास शिकवावे. जातीचा धंदा ज्या शाळेत मोडत नाही तेथे धंदेशिक्षण म्हणजे जातीचेच नवे छापील दाखले.

कोणी म्हणेल, मग धंदेशिक्षण नकोच. सरळ गणित, इंग्रजी, विज्ञान शिकवा आणि पोरांना डॉक्टर-कलेक्टर होऊ द्या. हे म्हणणेही आम्हाला पुरते पटत नाही. आमच्या थोरांनी ह्या दोहोंत असे भांडण कधी लावले नव्हते. जोतीराव फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शाळेसाठी मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण ह्यांच्या बरोबरीनेच शेतीचे मूलज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले होते. आणि शिक्षक कसा असावा? तर शक्यतो शेतकरी वर्गातला, वेळ पडली तर नांगराचे रुमणे किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची ज्याला लाज वाटणार नाही असा. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेके घेत. चुना कसा मळतात आणि बिल कसे अडकते हे दोन्ही त्यांना ठाऊक होते. पोराने एका हाती पुस्तक आणि एका हाती अवजार धरावे हे त्यांना विसंगत वाटले नाही.

भाऊराव पाटलांचे उदाहरण तर ह्याहून जवळचे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, त्याच्या अलीकडे-पलीकडे ते कंदिलांच्या काचा आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले होते. शेतकऱ्याला नांगर विकावयाचा तर फाळ किती खोल जातो हे समजावून द्यावे लागते. ही विद्या त्यांना बाजाराने शिकविली. साताऱ्यास १९२४ साली त्यांनी जे वसतिगृह काढले तेथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि आपली कामे आपण करीत. पुढे १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेथे गरिबाच्या मुलाने काम करून शिकावे अशी सोय झाली. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज कोणीही भाषणात घालतो. भाऊरावांच्या योजनेत त्यांतला 'कमवा' खरा होता. मुलगा खडी फोडी, शेतात राबे. त्याचा हिशेब त्याच्या शिक्षणाच्या खात्यावर पडे, आणि तो शिकून बाहेर पडे तेव्हा खडी फोडणाराच राहत नसे. आजच्या ऊसतोडीच्या पोराची गोष्ट उलटी आहे. तो कमावतो, आणि त्याची कमाई बापाच्या जुन्या उचलीत जिरते.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. शाळा थोड्या, वरचे शिक्षण उर्दूतून. सबब सातारा-कोल्हापूरकडे जी बहुजनांची वसतिगृहे त्या काळात उभी राहिली तशी इकडे राहिली नाहीत. कारागिरीची मात्र वाण नव्हती. बीड शहरच्या चामड्याच्या छागली आणि गुप्त्या एके काळी लांबवर नावाजलेल्या होत्या. उन्हाळ्यात पाणी गार ठेवणारी ती छागल कशी कमवावी, कशी शिवावी हे ज्यांना येत होते त्यांची ती विद्या कोणत्या शाळेने लिहून घेतली? प्लास्टिकची बाटली आली आणि छागल गेली ह्याचे आम्हाला दुःख नाही. चामड्याची परीक्षा असलेल्या त्या हातांना पुढचे कोणतेच यंत्र कोणी दिले नाही, ह्याचे आहे.

तीच पाळी आता कोयत्यावर येत आहे. ह्या गोष्टीकडे आमच्या ऊसतोड बंधूंनी डोळे उघडून पाहावे. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ऊस तोडणीची ९०० यंत्रे घेण्यासाठी अनुदान देण्याचे ठरविले. यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, ह्यांत जे कमी असेल ते. म्हणजे यंत्रावर सरकार लाखांनी खर्च करावयास तयार आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवून मिळाला. तो मिळविण्यासाठी कामगारांना संपाची भाषा करावी लागली. दर वाढला हे चांगलेच झाले. परंतु ज्या मानाने मजुरी वाढते त्या मानाने कारखानदार यंत्राकडे अधिक बघतो, हा धंद्याचा नियम आहे. आज यंत्र मोठ्या सरळ फडात चालते, लहान वाकड्या तुकड्यात अडते. म्हणून कोयता उद्याच जाईल असे नाही. परंतु आज नववीत असलेले पोर चाळीस वर्षांचे होईल तोवर तो राहील असे कोण छातीवर हात ठेवून सांगेल?

हे यंत्र चालविणारा, त्याचा हायड्रॉलिकचा पाइप फुटला तर रात्री फडात जाऊन बदलणारा, त्याच्या पात्यांना धार लावणारा, इंजिन खोलणारा कोण असणार? ज्याने दहा हंगाम ऊस हाताने तोडला, ज्याला पेर कोठे कापावे म्हणजे साखर जात नाही हे बोटांना ठाऊक आहे, त्याच्याच पोराला हे काम सर्वांत लवकर येईल. परंतु त्याला ते कोणी शिकवीत नाही. तो बापाच्या जागी कोयता धरून उभा आहे, आणि पाना धरावयास दुसरा कोणी दुसऱ्या जिल्ह्यातून येणार आहे. पवनचक्क्यांचे हेच झाले. केज-पाटोद्याच्या माळावर त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या बुंध्याशी आमची पोरे दिसतात ती बहुतकरून राखणदारीला. वर चढून काम करणारा बाहेरचा. शेतोशेती सौर पंप येत आहेत, त्यांचीही दुरुस्ती तालुक्याच्या गावाहून माणूस येईल तेव्हा होते, आणि तोवर पीक माना टाकते.

मग शाळेने करावे काय? हे करून दाखविलेले एक ठिकाण पुणे जिल्ह्यात पाबळ येथे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या मुला-मुलींनी आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करावे. त्यात लोखंड-लाकडाचे काम, वीज व ऊर्जा, शेती व जनावरे, घर व आरोग्य असे चार भाग. गावाला जे पाहिजे तेच शाळेने करावे. कोणाला फाटक पाहिजे, कोणाला पाण्याची टाकी, कोणाला माती तपासून पाहिजे. खर्चाचा अंदाज मुलांनीच काढावा, बिल मुलांनीच लिहावे. मुलींच्या हातीही वेल्डिंगची कांडी दिली गेली. शिकविणारे पुष्कळदा गावातलेच कसबी. ह्या विषयाला राज्याच्या दहावीच्या मंडळाची मान्यता मिळाली आणि तो इतर हायस्कुलांतही गेला. ह्यातली खरी गोम अशी की फाटक करावयाचे म्हटले म्हणजे पोराला भूमिती लागते, बिल लिहावयाचे म्हटले म्हणजे टक्केवारी लागते, आणि मोटरीवरची पाटी वाचावयाची म्हटले म्हणजे इंग्रजी लागते. हात चालू लागला म्हणजे पुस्तकही उघडते. जे पोर गणिताच्या तासाला मागच्या बाकावर झोपते तेच पोर पत्रा कापताना एक सूतही चुकू देत नाही, हे ज्याने पाहिले नाही त्याने मुलांना 'ढ' म्हणू नये.

परंतु पाबळची योजना जशीच्या तशी आणून आमच्याकडे लावली तर ती कार्तिकातच कोलमडेल, कारण वर्ग रिकामा असेल. आमचा प्रश्न तेथे अडतो. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी जी हंगामी वसतिगृहे चालवितात त्यांचा आधारही मुख्यतः तोच. बालमजुरीचा कायदा २०१६ साली दुरुस्त झाला. त्याने १४ च्या आतल्यांना कामाची मनाई केली (घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत केली तर चालते असा एक दरवाजा मात्र किलकिला ठेवला), आणि १४ ते १८ वयाच्यांना फक्त धोक्याच्या धंद्यांत मनाई केली. म्हणजे पोर चौदा वर्षांचे झाले की शाळेच्या कायद्याने त्याचा हात सोडला आणि मजुरीच्या कायद्यानेही बव्हंशी सोडला. मुकादम तेवढा त्याला विसरत नाही. आठवी पास झालेले, अंगाने भरू लागलेले, घरच्यांच्या शब्दाबाहेर नसलेले पोर म्हणजे त्याच्या दृष्टीने तयार अर्धा कोयता. त्यातून दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे ऐन हंगामात. आमच्या जिल्ह्याचे पंचांग मंडळाला कोणी कधी दाखविले आहे काय?

मुलींचे तर बोलावयासच नको. तिला एकटीला वाडीवर कोणाच्या भरवशावर ठेवावे, ह्या धास्तीने तिचे लग्न उरकतात. लग्न झाले की नवा कोयता तयार, त्यावर नवी उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या फेरीत, बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी शंभरात सुमारे ४४ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. ह्या आकड्याला अज्ञान म्हणून हिणविणारे पुष्कळ आहेत. बारा कोसांवर मुलींचे वसतिगृह असते आणि त्यात तिला जागा मिळती तर तो बाप असा वागला असता काय, हे मात्र ते विचारीत नाहीत. आणि धंदेशिक्षणात तिच्या वाट्याला येते काय? शिवणकाम आणि भुवया कोरणे. शिवणकाम वाईट नाही. परंतु सौर पंपाला, ठिबकला, रक्त तपासण्याच्या नळीला स्त्री-पुरुष कळत नाहीत.

सरकारने २०२१ साली संत भगवानबाबा ह्यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांची ४१ आणि मुलींची ४१, मिळून ८२, प्रत्येकात १०० जागा. गणित करा: ८,२०० मुले. ऊस तोडावयास महाराष्ट्रातून लाखो माणसे बाहेर पडतात. तहानलेल्या गावाला हा एक तांब्या झाला. पण तांब्या का होईना, पाणी खरे आहे. आमचे म्हणणे इतकेच की ह्या वसतिगृहांना नुसते झोपण्या-जेवण्याचे ठिकाण करू नये. प्रत्येकाला लागून एक कार्यशाळा पाहिजे, तीत एक जुने डिझेल इंजिन, एक वेल्डिंगचे यंत्र, एक सौर पंप आणि ते शिकविणारा पगारी माणूस पाहिजे. पैसा कोठून येईल म्हणाल, तर कारखान्यांनी गाळपावर दर टनामागे १० रुपये ऊसतोड कामगारांच्या महामंडळाला द्यावेत व तितकेच सरकारने घालावेत असे सरकारने आधीच ठरविलेले आहे. ऊस आमच्या आयाबहिणींनी तोडलेला. त्यातला एक रुपया तरी पोरांच्या पान्यासाठी बाजूला पडावा.

साखर कारखान्यांवर आणखी एक देणे आहे, आणि ते धर्मादाय नव्हे, कायद्याचे आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत आणि त्यांना दरमहा विद्यावेतन दिले पाहिजे, असा त्याचा नियम. चौदा वर्षे पुरी झालेल्याला शिकाऊ होता येते, धोक्याच्या कामाला अठरा लागतात; काही धंद्यांना आठवी पासही पुरते. कारखान्यात फिटर लागतो, टर्नर लागतो, वेल्डर लागतो, इलेक्ट्रिशियन लागतो, बॉयलर सांभाळणारा लागतो, रस तपासणारा लागतो. ह्या जागांवर ज्यांच्या आईबापांनी त्याच कारखान्याचा ऊस तोडला त्यांच्या मुलांचा पहिला हक्क का नसावा? फडात बाप राबतो तेथून गव्हाणीपर्यंत अंतर दोन कोस. ते तोडावयास पोराला एक पिढी लागू नये. स्वित्झर्लंडात बहुसंख्य मुले पंधरा-सोळाव्या वर्षी असेच शिकाऊ म्हणून लागतात. आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात, एक-दोन दिवस शाळेत, आणि कामाचे पैसे घेऊन. तेथे शिकाऊ झालेल्या मुलाला कोणी वाया गेला म्हणत नाही, कारण बँकेत बसणाराही त्याच वाटेने गेलेला असतो.

आमच्याकडे सरकारने २०२४ साली मुख्यमंत्र्यांच्या नावाने कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी पासला ६ हजार, आय.टी.आय. वा पदविका झालेल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार, आरंभी सहा महिने. पुष्कळ पोरे कचेऱ्यांत जाऊन कागद लावीत बसली आणि मुदत संपल्यावर 'आता पुढे काय' म्हणून मोर्चे काढू लागली. त्यांना हसू नये. पोटाला आधार मिळाला होता तो गेला. परंतु ज्या पोराची शाळा नववीतच सुटते ते ह्या योजनेच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि जे पोहोचते त्याला कसब न मिळता कचेरीची सवय तेवढी लागते. कारकुनीचा हा मोह दीडशे वर्षांचा जुना आहे. साहेबाच्या राज्यात तो काही घरांना फळला, म्हणून आपल्यालाही फळेल असे आम्ही धरून बसलो.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. आठवीपर्यंतच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत असा कायदा आहे. ती खुर्ची सरपंचाच्या पुतण्याला देऊन मोकळे होऊ नका, जिच्या घरचा कोयता जातो अशी एखादी बाई तीत बसवा. ग्रामसभेत विचारा की नववी-दहावीच्या पोरांसाठी हंगामात राहण्या-जेवण्याची सोय कोठे आहे, आणि नसल्यास ठराव लिहून घ्या. हायस्कुलात विचारा की धंद्याचा कोणता विषय आहे, शिकविणारा कोण आहे, त्याचा पगार गेल्या महिन्यात झाला का, आणि यंत्र कपाटात आहे की टेबलावर. ज्या कारखान्याला तुमची टोळी जाते त्याच्या कचेरीत लेखी अर्ज द्या की यंदा शिकाऊ उमेदवार किती घेतले आणि त्यांत तोडणी कामगारांची मुले किती. मुकादम पावसाळ्यात उचल घेऊन येईल, तेव्हा पोराचे वय कागदावर खरे लिहा आणि त्याला जोडीत धरून उचल घेऊ नका. त्याने उचल कमी होईल हे खरे, आणि त्या वर्षी घर ओढाताणीत जाईल हेही खरे. म्हणूनच वसतिगृहाची जागा आधी, उचलीचा अंगठा मागाहून, असा क्रम धरावा लागेल.

शिरूरकडच्या त्या बापाला आम्ही हे सगळे सांगावयास पुन्हा जाणार आहोत. बिऱ्हाड अक्षय तृतीयेच्या सुमारास परत येते. पोराचे नाव हजेरीपटावरून काढले असल्यास ते पुन्हा घालण्याचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. खाली सही तेवढी बापाची पाहिजे.